एकटीला विचारायचं असतं, मामा

ती. मामांस,

नाशिकहून तृप्तीचा वाकून नमस्कार. तुमचं बीपी कसं आहे? मामी मोरीत पडल्या होत्या, त्यांचा हात आता वर होतो का? पत्र बघून नवल वाटेल, पण फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि कागदावर मध्येच बोलता येत नाही. उज्ज्वलाताई सासर सोडून आमच्याकडे आली, आणि तिला समजावून परत सिन्नरला धाडायला तुम्ही रविवारी चार मोठी माणसं घेऊन बैठकीला येताय, हे आईने सांगितलं. त्याचं शेवटी लिहिते. आधी माझ्या नोकरीची गंमत ऐका.

'सर्व्हे म्हणजे काय काम असतं का?' असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. असतं. बायकांना घरात मारहाण होते का, छळ होतो का, हे गावोगाव जाऊन विचारायचं असतं. नियम एकच, विचारताना बाई एकटी हवी. मामा, या जिल्ह्यात द्राक्षं मिळतात, कांदा मिळतो, एकटी बाई मिळत नाही! मी ओट्यावर टेकते न टेकते तोच सासू येते, जाऊ येते, शेजारीण नातू काखेत मारून येते. खरा विषय सगळ्यांसमोर काढायचा नाही (काढला तर आम्ही गेल्यावर त्या बाईची धडगत नाही), म्हणून 'आरोग्याचा सर्व्हे' म्हणायचं. की झालीच गर्दी! एका अक्काबाईंनी दोन्ही गुडघे उघडून दाखवले. मी डॉक्टर नाही म्हटल्यावर म्हणाल्या, 'मग पगार कशाचा घेते गं तू?'

कोणी मध्येच आलं तर विषय बदलायचा, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलंय. म्हणजे मी हळूच विचारत असते, 'नवऱ्याने कधी गळा दाबलाय का?' आणि दारात चप्पल वाजली की त्याच आवाजात, 'संडास घरात आहे का बाहेर?' सहादू नावाच्या एका नवऱ्याने इतक्या चकरा मारल्या, की त्यांच्या संडासाची इत्थंभूत माहिती आता माझ्याकडे आहे, बायकोची काहीच नाही. शेवटी तोच वैतागला. 'तिला काय इचारता बाई, तिचं सगळं मला माहीत हाय.' त्यात खोटं काहीच नव्हतं. ती खाली मान घालून लसूण सोलत राहिली, आणि मी आभार मानून उठले. दुसरं काय करणार, कपाळ माझं!

आणि ज्या बोलतात त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पिंपळगावला द्राक्षं पॅक करणारी एकजण हसत हसत म्हणाली, 'मारत नाय हो, चिडले का हात उचलतात फक्त. तेवढं तर हायच.' तिचं मनगट वाकडं जुळलेलं होतं. विचारलं, तर म्हणे मोरीत पडले. मामा, आपल्याकडच्या मोऱ्यांचा खरं तर वेगळा सर्व्हे करायला हवा. बायकांना फार पाडतात त्या. आपल्या ताईचा दात पडला, तोसुद्धा मोरीतच ना?

मला या नोकरीचा संताप येतो, आणि सोडवतही नाही. असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली भाची,
तृप्ती

ता. क. मागच्या बैठकीत तुम्ही खाटेवर होतात, दाजी खुर्चीवर, बाकी पुरुष सतरंजीवर आणि ताई दाराआड. तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, 'पोरी, तुला काही त्रास आहे का?' ती 'नाही' म्हणाली. तुम्ही 'मिटलं!' म्हणालात आणि सगळे आमरस खायला बसलात. त्याच संध्याकाळी तिला परत नेलं. असं विचारलं तर माझ्या सर्व्हेतली एकूण एक बाई 'नाही'च म्हणते. म्हणून हात जोडून सांगते, रविवारी येऊ नका.

ता. क. २. तरी तुम्ही येणारच, म्हणून कळवते. ताई आता आईकडे नाही. कुठे आहे ते आईलाही सांगितलेलं नाही. काल मी तिला एकटीला विचारलं. ती बोलत होती तेवढ्या वेळात मी चहा तीनदा गरम केला, तरी तो शेवटी ओतूनच द्यावा लागला. ती परत जाणार नाही.

ता. क. ३. मामींना मात्र नक्की पाठवा, चार दिवस राहू देत. एकट्याच पाठवा. आणि राहवलं नाही म्हणून मागोमाग आलातच, तर आम्ही दोघी संडासाबद्दल बोलत असू.