सख्ख्या काकाकडे गिऱ्हाईक

२३ जुलै

बसले! सरळ काकाच्या खानावळीत जाऊन बसले. गिऱ्हाईक म्हणून. रस्त्याकडेच्या टेबलावर, बाबांना दिसेल अशी.

दोन खानावळी, भिंतीला भिंत लागून. दोन सख्खे भाऊ, सात वर्षं बोलत नाहीत. कारण काय, तर काकानं दारात माणूस उभा केला, बेटावर बोटीतून उतरणाऱ्या टुरिस्टांना हाका मारायला. बाबा म्हणाले, "बाजार भरलाय का इथं?" काका म्हणाला, "मग तू बस माश्या मारत." संपलं! आणि आता काका ऑक्टोबरात मेलबर्नला चाललाय, मुलाकडे. कायमचा. म्हणजे दोघांना बोलतं करायला माझ्या हातात हा एकच उन्हाळा.

समोरच्या चपलांच्या दुकानातून थेक्लाबाई बाहेरच आल्या. "काय गं मिर्सिनी, बापाची चूल विझली?"

काकानं पाव ठेवला, पाणी ठेवलं. फोटोवालं मेन्यूकार्ड दिलं नाही. "ते परक्यांना. तू आत ये, पातेल्यात बघून घे." भरलेले टोमॅटो घेतले. चव आमच्यासारखीच — आजीची.

२४ जुलै

बाबा: "अथेन्सला पाठवून शिकवलं ते यासाठी?" बस, एवढंच.

२७ जुलै

निघताना काकानं ताटली भरून दिली. "घरी ने." घरी म्हणजे कुणाला, ते नाही बोलला.

बाबांनी दोन टोमॅटो खाल्ले. उभ्यानं, माझ्याकडे पाठ करून. ताटली धुतली — आणि अडकले! रिकामी ताटली परत धाडायची नाही, हे आजीनं दोघांच्याही डोक्यात ठोकून बसवलेलं. ओट्याशी नुसते उभे. शेवटी तळलेली मासळी भरली. "मी काही देत नाहीये. ताटली जातेय, बरोबर चार मासे जातायत."



३० जुलै

वांगी गेली, बटाटे आले. मग शेंगांची भाजी गेली, अंजिरं आली. भिंतीला वळसा घालून माझ्या चपला झिजल्या. बाबा मासळी आता निवडून भरतात. मोठी मोठी.

४ ऑगस्ट

सगळा घोळ.

काकानं झाकून दिलं, मी उघडून बघितलं नाही. बाबांनी कागद काढला — चीज! वितळलेलं, वर लोणी. आणि बाबांचा चर्चच्या पंधरा ऑगस्टच्या सणाआधीचा उपास. मांस नाही, दूध नाही, चीज नाही. "मुद्दाम," म्हणाले. "माझी थट्टा करतोय." चीज मांजरांना घातलं. ताटली धुतली, पुसली, माझ्या हातात दिली. रिकामी.

काकानं ती घेतली, उलटी करून बघितली.

"उपास आहे त्यांचा," मी म्हटलं.

"कुणाचा? स्तामातिसचा? ईस्टरच्या उपासात चर्चच्या घंटेखाली लपून सॉसेज खाल्लेला माणूस तो!"

"आजी गेली तेव्हापासून करतात."

काका खुर्चीत बसला. म्हणाला, "मला कोण सांगणार होतं?"

६ ऑगस्ट

बाबांना सांगून बघितलं, काकाला खरंच माहीत नव्हतं. "माहीत नसायला तो काय चंद्रावर राहतो? भिंतीपलीकडे तर राहतो!"

११ ऑगस्ट

काही नाही. काकाकडे जेवते, रिकाम्या हातानं परत येते. थेक्लाबाई: "काय गं, ताटली फुटली का?" या गल्लीत शिंकायची सोय नाही!

१४ ऑगस्ट

उद्या तो सण, आणि काकाचा नामदिन, वाढदिवसाहून मोठा. त्या सणावरून पानायिस नाव ठेवलेल्या सगळ्यांचाच. नामदिनाला बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो, 'खूप वर्षं जग' म्हणतो. आणि ज्याचा दिवस, त्यानं जागा सोडायची नाही, येईल त्याला खाऊ घालायचं, पाजायचं. सात वर्षं बाबा गेलेले नाहीत.

आज पांढरा शर्ट इस्त्री करून टांगलाय. विचारलं नाही. विचारलं तर काढून ठेवतील!

१५ ऑगस्ट

आधी हे लिहून ठेवते!

बाबा शर्ट घालून चर्चला जाऊन आले. आणि बसले. दुपार झाली तरी बसलेलेच. पलीकडे काकाकडे ही गर्दी, ग्लासांचे आवाज. बाबा उठायचे, दारापर्यंत जायचे, परत येऊन मिठाच्या बाटल्या भरायचे. भरलेल्याच!

मी आशा सोडली होती. आणि काका आला. स्वतःची भरली पंगत टाकून! नामदिनाला असं कुणी करत नाही. आमच्या दारातल्या टेबलावर बसला, बाह्या सारख्या केल्या.

"काय आहे आज?"

बाबांनी पाव ठेवला. पाणी ठेवलं. हाताची सवय! मग म्हणाले, "आत ये. बघून घे."

सात वर्षांनी. दोघं आत गेले. झाकणांचे आवाज. मग एकदम आरडाओरडा —

"माझा दिवस आहे! तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाईन मी पाजणार!"

"माझ्या खानावळीत तू पाजणार? चालता हो!"

"जन्माचा हेकट! गाढव!"

"गाढव तू! आणि — खूप वर्षं जग, गाढवा!"

टुरिस्ट जोडपं काटेचमचे खाली ठेवून पळायच्या तयारीत. मी म्हटलं, जेवा हो, जेवा. भाऊ आहेत. थेक्लाबाई डोळे पुसत थू-थू करत होत्या, दृष्ट लागू नये म्हणून.

वाईन शेवटी दोघांनीही पाजली. सगळी गल्ली झिंगली.

१८ ऑगस्ट

बाबांनीही मेलबर्नचं तिकीट काढलं! "हिवाळ्यापुरतं. एकट्याला सोडला तर तो तिकडंच राहील. घेऊनच येतो." दोन्ही खानावळींच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

मला अंडंसुद्धा उकडता येत नाही.