डोळे मिटून दहा मिनिटं

३ मार्च, सोमवार

ध्यानाचा पहिला वर्ग. वाचनालयाच्या वरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आम्ही नऊ जण. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी सांगितलं, एक वही करा, बसल्यावर काय झालं ते लिहा, कुणाला दाखवू नका. म्हणून हे.

मी इथे हौसेने आलेलो नाही. डेपोच्या डॉक्टरने पाठवलं. जानेवारीत तो प्रकार झाल्यापासून हात थरथरतो, रक्तदाब चढलेला, घरात कुणी भांडं आपटलं तरी अंगावर धावून जातो. डॉक्टर म्हणाला, "मनावर ताण आहे. महिनाभर गाडी नाही. ध्यान शिका, प्रमाणपत्र आणा, मग बघू."

प्रकार असा. २१ जानेवारी, माझ्या बसची सकाळची फेरी. सायकलवाला मध्ये आला, मी करकचून ब्रेक मारला. उतरायला उभ्या असलेल्या बाई पुढे फेकल्या गेल्या. खुबा मोडला, उजवं मनगटही. सायकलवाला थांबलाच नाही. गाडीतला कॅमेरा महिनाभर बंद. चौकशीत मी हेच सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली. शेवटची सुनावणी २८ ला आहे, तीही नावापुरती.

आज दहा मिनिटं बसलो. श्वास मोजायचे. एक ते दहा, परत एक.

४ मार्च, मंगळवार

बसलो. बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

मला जमतंय! दहा मिनिटं कधी संपतात कळत नाही. डोळे मिटले की थेट मोबाईलची वेळ संपल्याची घंटाच.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुझं ध्यान फार आवाज करतं."

म्हटलं, तू अभ्यास कर.

१० मार्च, सोमवार

सिस्टरनी प्रत्येकाला विचारलं, काय अनुभव येतो. शिंपी म्हणाला, गुडघे दुखतात. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात बाजार भरतो, एक विचार गेला की चार येतात. एका आजोबांना जुनी भांडणं आठवतात, आणि त्यात ते अजून हरतात.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्या मनात काहीच येत नाही. सगळं शांत."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी हिमालयातूनच उतरलोय. शिंप्याने तर नंतर जिन्यात विचारलं, "काय करता नेमकं?" मी म्हटलं, काही नाही, सोडून द्यायचं. वर फुकटचा सल्लाही दिला, रात्रीचं कमी जेवा म्हणून.

 सिस्टर मात्र नुसत्या बघत होत्या.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळी मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मला मोठी गाडी त्यांनीच शिकवली, तेव्हापासून डेपोभर त्यांचं नाव मास्तर. या दोन महिन्यांत डेपोतून येणारे तेवढे एकच. बाकीच्यांना माझा विटाळ झाल्यासारखं.

म्हणाले, "ध्यानाचा कागद घे आणि ये लवकर. अठ्ठावीसला काही विचारलं तर सायकलवाला म्हणायचं आणि गप्प बसायचं. जास्त बोललास की फसलास."

म्हटलं, खरंच सायकलवाला होता.

"मग झालं तर."

चहा अर्धा ठेवूनच गेले. पहाटेची गाडी होती उद्या. डोळे लाल दिसले त्यांचे. वयाच्या मानाने फार ड्युट्या ओढतात.

१३ मार्च, गुरुवार

आज पंधरा मिनिटं. तीही गेली भुर्रकन.

१७ मार्च, सोमवार

वर्ग सुटल्यावर सिस्टरनी थांबवलं. वाटलं, कौतुक करणार.

"तुम्ही झोपता," म्हणाल्या.

मी हसलो. म्हटलं, डुलकी लागते कधी कधी.

"कधी कधी नाही. दरवेळी. आज घड्याळ लावून बघितलं. डोळे मिटल्यापासून पन्नास सेकंद. इतरांनाही झोप येते, पण ती हळूहळू येते, माणूस तिच्याशी झगडतो. तुम्ही विहिरीत दगड पडावा तसे जाता. आणि मध्येच श्वास थांबतो तुमचा. मी मोजलं."

मला राग आला. इतके दिवस मनात काही येत नव्हतं ते काय, झोपलो होतो म्हणून? नऊ माणसांसमोर घोरत होतो आणि वर सल्ले देत होतो!

म्हणाल्या, "उद्यापासून पाठ न टेकता बसा. डोळे अर्धवट उघडे. आणि काय होतं ते नीट बघा."

१८ मार्च, मंगळवार

सिस्टरनी सांगितलं तसं बसलो. स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं, म्हणजे टेकायला काही नाही. समोर भिंत. एक, दोन, तीन. चौथ्या श्वासानंतरचं आठवत नाही.

मग हनुवटी छातीवर आपटली आणि मान झटक्याने वर आली. डोळे टक्क उघडे. छाती धडधडतेय. आणि समोरची भिंत एकदम जवळ आल्यासारखी, जणू मधल्या वेळात कुणीतरी ती पुढे सरकवली.

हा झटका मला माहीत आहे.

तिथेच बसून राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. बायको भाजी घेऊन आली, काहीतरी विचारून आत गेली.

२१ जानेवारीला हेच झालं होतं. अगदी हेच. हनुवटी, मान, डोळे, धडधड. आणि समोर सायकल. मी दोन महिने म्हणतोय की ती मध्ये आली. ती मध्ये आली नव्हती. ती रस्त्याच्या कडेने तिच्या वाटेने चालली होती. मी जागा झालो तेव्हा मला दिसली. आधीची दिसली नाही कारण मी नव्हतोच तिथे.

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसंच वाटत होतं. जाग आली त्या क्षणापासून माझी गोष्ट सुरू होत होती, तिच्या आधीचं पान कोरं. त्या पानावर मी सायकलवाल्याला आणून बसवलं.



१९ मार्च, बुधवार

बसलो नाही.

२० मार्च, गुरुवार

वर्गाला गेलो नाही. बायकोला विचारलं, मी झोपेत कसा असतो.

ती इस्त्री करत होती. लॉन्ड्रीत दिवसभर हेच करते, घरी आल्यावर परत तेच. वर न बघता म्हणाली, "घोरता त्याचं काही नाही, त्याची सवय झाली. मध्येच थांबता ना, त्याची भीती वाटते. मग मी कोपर मारते. मग परत सुरू."

"किती वर्षं?"

"पाच-सहा झाली असतील."

"बोलली नाहीस कधी?"

तिने इस्त्री उभी केली. "दहादा बोलले. तुम्ही म्हणालात, बाईमाणूस दमलं की पाय दुखतात, पुरुष दमला की घोरतो. हसलात पण."

आठवतंय. हसलो होतो.

मग तिला सगळं सांगितलं.  ती शर्टाची एकच बाही परत परत दाबत राहिली. शेवटी म्हणाली, "रोज चाळीस-पन्नास माणसं असतात ना तुमच्या मागे?"

२२ मार्च, शनिवार

आता आठवायला लागलंय तर थांबत नाही. एकदा शाळेचा थांबा सोडून पुढे गेलो होतो, मुलं ओरडली. एकदा फाट्यापासून डेपोपर्यंत कसा आलो ते आठवलंच नव्हतं. मी म्हणायचो, रस्ता हाताला माहीत आहे. हाताला! दुभाजकाला एकदा आरसा घासला, त्याचं खापर समोरून येणाऱ्या ट्रकवर फोडलं.

मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं. 

मग म्हणाले, "हे कुणाला बोललास?"

"बायकोला."

"तिथेच ठेव. प्रत्येकाला डुलकी लागते. त्याचा कुणी गवगवा करतं का? लायसन्स जाईल तुझं. बावीस वर्षं पाण्यात. आणि एकाने तोंड उघडलं की मग सगळ्यांना रांगेत उभं करतील."

म्हटलं, बाईंचा खुबा मोडलाय.

"तो तुझ्या बोलण्याने जुळणार आहे का?" फोन ठेवला.

 याचं उत्तर दिवसभर शोधतोय.

२४ मार्च, सोमवार

वर्गाला गेलो. आधी सिस्टरना गाठून सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चिठ्ठी लिहून दिली. झोपेच्या डॉक्टरच्या नावाने.

"हा आळस नाही," म्हणाल्या. "आजार आहे. झोपेत गळा मिटतो, श्वास अडकतो, मेंदू रात्रभर दचकून उठत राहतो. मग दिवसा तो आपली वसुली करतो."

"म्हणजे माझा दोष नाही?"

"आजार असणं हा दोष नाही. आता कळल्यावर काय करता, ते तुमचं."

त्या डॉक्टरने रात्रीचा श्वास मोजायला एक डबी दिली. झोपताना बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा. मुलीने फोटो काढला. नंतर स्वतःच पुसून टाकला.

२६ मार्च, बुधवार

निकाल आला. तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो. अडतीस! डॉक्टर म्हणाला, "तुम्ही गेल्या कित्येक वर्षांत नीट झोपलेलाच नाहीत."

तिथून सरळ खुबा मोडलेल्या त्या बाईंकडे गेलो. आधी विचार केला असता तर गेलो नसतो.

बाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, बाजूच्याच खोलीत राहतात. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं, निम्मी बंद. त्या वॉकर धरून उभ्या होत्या. मला ओळखलं, बसायला सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही इस्पितळातही आला होतात. त्या सायकलवाल्याला मात्र लाज नाही."

मी म्हटलं, "सायकलवाल्याची चूक नव्हती. मला झोप लागली होती."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकवायचा प्रयत्न केला. टेकत होती, पण थरथरत. "या दोन बोटांत चिमटा धरून मी केसाएवढी स्प्रिंग बसवायचे," म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

मग म्हणाल्या, "दोन महिने मी त्या सायकलवाल्याला शिव्या घालतेय. सवय झालीय त्याची. आता तुम्हाला घालायला शिकावं लागेल. वेळ लागेल."

"घाला," म्हटलं.

"आणि हे मला सांगून भागणार नाही. जिथे सांगायचं तिथे सांगा."

दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. बरंच झालं.

२८ मार्च, शुक्रवार

सुनावणी. टेबलापलीकडे तिघं. साहेबांनी कागदावर सही करायला पेन उघडलंच होतं. म्हणाले, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" म्हणजे नाही म्हणा आणि सुटा.

मी म्हटलं, "हो."

डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. सांगितलं सगळं. पहिल्यांदाच हात थरथरला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

साहेबांनी पेन बंद केलं. म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?" मग मला बाहेर बसवलं. तासाभराने बोलावलं. गाडी बंद. लायसन्स जमा. पुढचं इलाजानंतर ठरेल, कदाचित कधीच नाही. तोवर भांडारात काम. बाईंची केस परत उघडणार.

मास्तर डेपोच्या दारात उभे होते. माझ्याकडे न बघता गेले.

७ एप्रिल, सोमवार

दहा दिवस लिहिलं नाही. भांडारात सुटे भाग मोजून देतो. जुने सोबती समोरून जातात, कुणी बोलत नाही. कारण साहेबांनी पत्रक काढलंय, सगळ्या ड्रायव्हरांची झोपेची तपासणी होणार. एकाने माझ्या जेवणाच्या डब्यावर उशीचं चित्र काढून ठेवलं.

झोपताना नाकावर मुखवटा लावायचा, त्याला नळी, नळीला यंत्र. मुलगी म्हणते, हत्ती झोपलाय. पहिल्या दोन रात्री गुदमरलो. तिसऱ्या सकाळी उठलो तर खोली वेगळीच वाटली. बायको आधीच उठून बसलेली. म्हणाली, "आवाजच नाही. मला झोप येईना."

आज वर्गात वीस मिनिटं बसलो. पूर्ण जागा. काय सांगू, भयंकर! गुडघे, पाठ, मुंग्या. डोक्यात नुसता बाजार. बाईंची ती दोन बोटं. साहेबांचं पेन. उशीचं चित्र. त्याला काय उत्तर द्यायचं, कसं द्यायचं. श्वास तीनच्या पुढे एकदाही मोजता आला नाही.

सिस्टरना म्हटलं, "माझं सगळं बिघडलं. आधी किती छान जमत होतं."

त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. "आज तुमचा पहिला दिवस," म्हणाल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

आज मला सुट्टी. दुपारी तीनला मास्तर आले. गणवेशात. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मला वाटलं, भांडायला आलेत.

म्हणाले, "त्या डॉक्टरचा पत्ता दे."

"कुणासाठी?"

 जमिनीकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी पुलावर कठड्याला गाडी घासली माझी. काल परत डोळा लागला. गाडीत शाळेची मुलं होती."

चारला त्यांची गाडी सुटायची होती. मी चपला घातल्या. दोघं चालत डेपोत गेलो, आणि साहेबांच्या खोलीत ते आधी शिरले.

चारची गाडी दुसऱ्याने नेली.