सरूआत्याचे मोकळे कपाळ

४ जून, मंगळवार. सकाळी.
आले : फिकी सुती साडी एक, ३४० रु. (काठाला डाग, म्हणून स्वस्त. डाग निऱ्यांत जाईल.) पावडरचा डबा, ६० रु. सातारची एसटी जाऊन-येऊन, बायकांना अर्धे, ते वेगळे. घरखर्चात धरले नाही. 'कारकीर्द' असे नवे खाते उघडले.
कारण, मालिकेसाठी माणसे जमवणारा जयराज, त्याचा फोन आला. म्हणाला, काकू, या वेळी गर्दीत नाही, नाव असलेला रोल आहे. सरूआत्या. रोज दिसणार. शूटिंग पुढच्या बुधवारी, साताऱ्याजवळ.
आजवर जत्रेतली बाई केली, पाठमोरी. बाजारातली केली, त्यात कोपर आले. मोठे कलाकार मुलाखतीत सांगतात तो संघर्षाचा काळ माझाही झाला म्हणायचा. वय बावन्न. आता नाही तर नाहीच.
ठरवले : टीव्हीवर दिसेपर्यंत कुणाला सांगायचे नाही.

संध्याकाळी.
भजनी मंडळात सांगितले. देवासमोर काय लपवायचे.

६ जून, गुरुवार.
सरूआत्या विधवा आहे. जयराजने आज सांगितले. कुंकू नको, मंगळसूत्र नको, बांगड्या नकोत. हे चांगले धडधाकट असताना! ह्यांना सांगितले तर हसले. म्हणाले, मिल्ट्रीत गोळीनं मेलो न्हाई, आन् आता तुज्या पावडरीनं मरतोय व्हय?
विश्रामबागेसारख्या सुशिक्षित वस्तीत राहून माणसाने इतके बेफिकीर असू नये.

७ जून, शुक्रवार.
कौल लावला. देव्हाऱ्यातल्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या टाकाला ओली पाकळी चिकटवली. उजवीकडून पडली तर होय. डावीकडून पडली. पंखा चालू होता. बंद केला. परत डावी. पाकळी शिळी असावी. मग तिसरी, जरा उजव्या अंगालाच लावली.
देवाने परवानगी दिली.
तोडही सुचली. कुंकू ठेवायचे, वरून पावडर थापायची. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, पिनेने. बांगड्या वर दंडाकडे सरकवायच्या. ही देवाची फसवणूक नाही, कॅमेऱ्याची आहे. अभिनय म्हणजे तरी दुसरे काय.

१२ जून, बुधवार.
शूटिंग छान झाले. वेळ लागला, पण चांगल्या कामाला लागतोच.
वाक्य एकच. हार घातलेल्या फोटोकडे बघून म्हणायचे, धनी, मला टाकून गेलात. जीभ रेटेना. मी म्हणाले, धनी, येतो म्हणून गेलात, अजून आला नाहीत. दिग्दर्शक स्वानंदी मॅडम, माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, काकू, ते मेलेत. मी म्हणाले, मला माहिती आहे हो, पण बोलून कशाला दाखवायचे.
घामाने पावडर उतरली, कुंकू वर आले. पुन्हा थापली, पुन्हा आले. हात जोडले की बांगड्या खाली येऊन वाजायच्या. आवाज घेणारा कानावरचे काढून नुसता बसून राहिला. दर टेकनंतर मी बाजूला जाऊन ह्यांना फोन करत होते, बरे आहात ना. शेवटी हे म्हणाले, अगं हाय मी जित्ता, जेवू तरी दे की.
मग मॅडम म्हणाली, काकू, राहू दे. मी तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाले, सगळ्या मंडळाला सांगून बसलेय, आता कुठल्या तोंडाने जाऊ. तिने माझ्या कपाळाकडे बघितले, आणि फोटोवाल्याला म्हणाली, काकूंचा एक फोटो काढ. कुंकू, मंगळसूत्र, सगळे असू दे.
उघड आहे. माझ्यासाठी रोल बदलला. सरूआत्या आता सवाष्ण.

२० जून.
जयराज फोन उचलत नाही. तिकडे रेंज नसते.

२४ जून, सोमवार.
शेजारच्यांच्या फोनवरून लावला. रेंज होती. माझा आवाज ऐकला आणि कट झाला. जेवण गेले नाही. सोमवारच्या उपासात धरले.

८ जुलै, सोमवार.
मालिका लागली. मंडळातल्या सगळ्या बायका आमच्या हॉलमध्ये. सरूआत्या काही येईना. धनी आला, चांगला जिवंत. भिंतीकडे वळून म्हणाला, सरू, मला टाकून गेलीस. भिंतीवर मी. कपाळभर कुंकू, आणि वरून चंदनाचा हार.
दगडाबाई म्हणाल्या, नशिबाची गं, सवाष्ण गेली. कुणी हसले नाही, हेच जास्त लागले.
वाटले, हे तरी हसतील. हे उठले, टीव्ही बंद केला, आणि बायकांसमोर माझे मनगट धरून नाडी बघितली.

९ जुलै, मंगळवार.
रोल गेला असे म्हणता येणार नाही. भिंत रोज दिसणार.
मॅडमना कार्ड टाकले, ते असे :
स्वानंदी मॅडम यांस, स. न. वि. वि. भूमिकेबद्दल आभारी आहे. हार काढता आला तर काढावा. आमचे हे कालपासून घराबाहेर पडत नाहीत. स्वयंपाकघरात भांडे वाजले नाही तर हाक मारतात, हाईस का म्हणून, आणि मला कणकेच्या हातांनी जाऊन दिसावे लागते. हार निघत नसेल, तर मी मरायच्या आधीचा एखादा प्रसंग तरी घ्यावा. दोन वाक्ये पुरेत. एकसुद्धा चालेल. पैसे नकोत. होय की नाही, एवढे उलट टपाली कळवावे.