शिवायचं मशीन, रडणारं पोर आणि पुढच्या खोलीचा निकाल

मी, गल्लीतली मशीनवाली काकू, वय चौऱ्याहत्तर, सातवी नापास. डोकं जाग्यावर असताना हे मृत्युपत्र लिहिते. कोणी बळजबरी केलेली नाही. केली असती तर सुई टोचली असती.

एक. मागची खोली आणि कपाट मुलाचं. कपाटाचं दार लागत नाही, त्यावरून माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

दोन. मोठी कात्री मुलीला. तिने कागद कापला तर काढून घ्यावी.

तीन. पुढची खोली सुनेची, इंग्रजीच्या क्लाससाठी. मुलाने तिथे स्कूटर घातली आहे आणि सून कढई बाजूला सारून ओट्याशी पोरांना शिकवते. म्हातारीने सुनेला लाडावून ठेवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहिते.

त्या खोलीत आधी माझे धाकटे दीर, मास्तर, शिकवायचे. पडद्याअलीकडे मी शिवायचे. 'इंग'वाला शब्द नामाआधी आला की पार्टिसिपल, म्हणजे ते नामच ते काम करतंय, हे त्यांनी पोरांकडून वीस वर्षं घोकवलं. एकदा 'सोइंग मशीन'लाही तेच लावलं. मी पाय थांबवला.

"भावजी, मशीन शिवत नाही. मी शिवते."

"वहिनी, सातवी नापासांनी काजं-बटणं बघावीत."

सुनेने पुस्तक काढून बघितलं. माझंच बरोबर होतं. शिवायचं मशीन, म्हणजे कामाचं नाव, तो जेरंड. 'क्राइंग बेबी'तलं पोर स्वतः रडतंय, तो पार्टिसिपल. मग तिने बटणांचे दोन डबे रिकामे केले. एकावर 'काम' लिहिलं, दुसऱ्यावर 'करणारा'. पोरांनी शब्दांच्या चिठ्ठ्या त्यात टाकायच्या. मास्तरांकडे तीनदा आपटलेली न्हाव्याची मुलगी पहिल्या झटक्यात पास झाली. महिन्याभरात मास्तर ते डबे घेऊन 'माझी पद्धत' म्हणून मिरवायला लागले.

चार. डबे मास्तरांकडून आणून सुनेला द्यावेत. मास्तरांना काही नाही. शिकायचं असेल तर मागच्या बाकावर बसावं.

पाच. मशीन पलीकडच्या शिंपीणबाईला. सुनेला सुईत दोरा ओवता येत नाही.

हे सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "आई, तू आहेस तोवर तरी स्कूटर राहू दे." तेव्हा कळलं, तोवर राहिली की कायमची राहिली. म्हणून तिसऱ्या कलमाला माझ्या मरणाची अट नाही. किल्ली आत्ताच सुनेच्या हातात दिली. स्कूटर अंगणात गेली आहे. क्लास सोमवारपासून.

सही (अंगठा नव्हे): मशीनवाली काकू
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. २. मास्तर, धाकटे दीर. सगळं वाचून, एकदा खोकून, सही केली.
ठिकाण: पुढची खोली, झाडून घेतलेली.
दिनांक: १२ ऑक्टोबर, शनिवार.