छपरावरून टाकलेला ग्लास

ग्राइफेनाऊ,
रविवार, २९ सप्टेंबर १९९६

प्रिय बाबा,

आम्ही दोघी ठीक आहोत. थंडी पडली की आईचा गुडघा धरतो, एरवी तक्रार नाही. पत्ता तुमच्या नाताळच्या कार्डावरून घेतला आहे. बदलला असेल तर हे पत्र परत येईल. शुक्रवारी जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. राजवाड्याच्या छपराचा लाकडी सांगाडा पूर्ण झाला.
२. आढ्याला फरच्या फांद्यांचं तोरण बांधलं.
३. योखेनने, आता सुतारांचा मुकादम तोच, वर उभं राहून मुकादमाचे श्लोक म्हटले. एक ओळ विसरला.
४. त्याने वाइन पिऊन ग्लास खाली फरशीवर टाकला.
५. ग्लास फुटला नाही.

सगळं गाव अंगणात होतं. ग्लास दगडावर आपटला, उडाला, पुन्हा आपटला आणि घरंगळत बिअरच्या पिंपाला जाऊन टेकला. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावलेली, ती तशीच राहिली. मग वुट्के बोलला. तुमचा वुट्केच, दात गेले, जीभ शाबूत आहे. म्हणाला, "अख्खा देश फुटला, पण त्याची काच काही फुटत नाही." लोक हसले, पण ग्लास न फुटणं म्हणजे अपशकुन, म्हणून सॉसेज ताटलीत टाकून लवकर घरी गेले.

आमचे वास्तुविशारद श्री. हेर्टर पश्चिमेकडचे, श्टुटगार्टचे. त्यांनी दुसरा ग्लास मागवला आणि योखेनला पुन्हा वर चढायला सांगितलं. योखेनने त्यांना समजावलं की एकदा ग्लास अख्खा राहिला की त्याच माणसाने पुन्हा टाकून भागत नाही. त्याच्यापेक्षा जुना मुकादम लागतो. हेर्टरना ते पटलं नाही. शनिवारी कौलं चढवायची होती. एकही माणूस शिडीला लागला नाही. हेर्टर म्हणाले, एकविसावं शतक दाराशी आलंय. त्यावर वुट्के म्हणाला, "मग तुम्ही चढा की, साहेब. आम्ही मागच्या शतकात खाली थांबतो."

योखेन तुमच्या हाताखाली तयार झाला. त्याच्यावरचा मुकादम एकच. माणसांनी तुमचं नाव घेतलं आणि कळवायचं काम माझ्याकडे दिलं. सोहळा शनिवारी, १९ ऑक्टोबरला, दुपारी पुन्हा करायचा आहे. तोवर ताडपत्री घातली आहे, पण पाऊस लागला तर ओकचं लाकूड फुगेल, म्हणून तारीख पुढे नेता येत नाही. येण्याजाण्याचा खर्च बांधकाम समिती देईल.

कामाचा मजकूर एवढाच.

छपराबद्दल तुम्हाला माहिती हवी असेल असं धरून लिहिते. भारांचं गणित माझं आहे. हेर्टरना सांध्यांवर पोलादी पट्ट्या हव्या होत्या. मी जुन्या पद्धतीने खाचा आणि लाकडी खुंट्या मागितल्या. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी आकडे पुढे ठेवले आणि ते आकड्यांना कबूल झाले. आकडे बरोबर होते. पण कारण ते नव्हतं. मी दुसरीत असताना तुम्ही मला राजवाड्याच्या भिंतीवर चढवून जळक्या तुळयांची उरलेली थोटकं दाखवली होती, आणि माझं बोट धरून खाचेत घातलं होतं. खाच आतून गुळगुळीत होती. आग तिथवर पोचली नव्हती.

तुम्ही म्हणायचात, राजाने शिकारीसाठी बांधलं, युद्धाने शेवटच्या आठवड्यात जाळलं आणि पक्षाने त्यात बटाटे ठेवले. छपरासाठी तुम्ही जिल्ह्याच्या कचेरीत किती वर्षं खेटे घातलेत ते आईला ठाऊक. शेवटच्या खेपेला तिथला माणूस म्हणाला होता, "कुठल्या राजासाठी छप्पर घालताय, कॉम्रेड?" घरी येऊन तुम्ही त्याची नक्कल केलीत. आम्ही खूप हसलो. तुम्ही जेवला नाहीत.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही मासे धरायला म्हणून हंगेरीला गेलात आणि तिथून सरहद्द ओलांडून पश्चिमेला. गळ घरीच राहिले होते. मी ते पाहिले आणि आईला सांगितलं नाही. आईनेही पाहिले होते, हे तिने मला यंदा सांगितलं.

आता ग्लासाबद्दल. योखेनने सगळ्यांना सांगितलं की हात घसरला, ग्लास तिरका पडला. ते खरं नाही. सरळच पडला. ग्लास मी आणला होता.

तो तुमचा बिअरचा ग्लास. स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर डावीकडे असतो. आई त्याची धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते. शुक्रवारी सकाळी समितीने आणलेले नाजूक ग्लास खोक्यात होते, त्यांतला एक योखेनला द्यायचा होता. मी घरी जाऊन तुमचा आणला. त्या छपरावर तुमच्या हाताला लागलेलं काहीतरी असावं, एवढंच मनात होतं.

ते ग्लास आपल्या पूर्वेकडच्या, आता गेलेल्या देशातलेच, खास कडक केलेले, खानावळींत फुटू नयेत म्हणून. काच गरम क्षारात बुडवतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब येतो आणि तडा पसरत नाही. ड्रेस्डेनला तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न होता. मी पूर्ण उत्तर दिलं होतं. शुक्रवारी मात्र ग्लास कागदात गुंडाळून सायकलवरून नेला, योखेनच्या हातात दिला, आणि तो टाकला जाईपर्यंत मला काही आठवलं नाही. माझ्या हातून असं होत नाही.

योखेनने तो पिंपापाशी उचलला तेव्हाच ओळखला. माझ्याकडे पाहिलं, खिशात घातला आणि संध्याकाळी घरी आणून दिला. म्हणाला, "अगं, तुला म्हातारा इथे हवा होता, तर त्याला बोलवायचं. त्याची भांडी कशाला टाकायला लावतेस?" मी म्हटलं, जेवून जा. तो थांबला नाही.

तेव्हा, माणसांनी तुमचं नाव घेतलं हे खरं आहे, पण त्यांनी घेतलं नसतं तर मी घेतलं असतं.

सरहद्दीवरची भिंत उघडली त्या नोव्हेंबरात आई तिघांचा स्वयंपाक करत होती. मी स्टेशनवर जात होते, संध्याकाळच्या गाडीला. तुमच्या कासेलहून इथे यायला तेव्हाही एक दिवस पुरत होता. तुम्ही का आला नाहीत ते मी विचारत नाही. तो प्रश्न या पत्रात नाही. आई पुढे कधी दोघींचा स्वयंपाक करायला लागली, माझ्या लक्षात आलं नाही. मला तो दिवस लक्षात राहायला हवा होता.

हे पत्र लिहिणार आहे असं आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "लिही. पण मी लिहायला सांगितलं असं लिहू नकोस." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला आता वर चढवत नसेल. चार पायऱ्यांत दम लागत असेल." मग सुरी ठेवून विचारलं, "कोट आहे का रे देवा त्याच्याकडे, वर वारा असतो." मी म्हटलं, विचारते. म्हणून विचारते आहे.

वर जायला मचाणाच्या आतून रुंद जिना केला आहे, कठडा दोन्ही बाजूंना आहे. मी तुमच्या मागे असेन. तुमच्यासोबत कोणी येणार असेल तर तसं लिहा; आई खुर्ची मांडेल. ती मला तसं म्हणालेली नाही, पण मांडेल.

आढ्यावरून एल्ब नदी दिसते, थेट नावेच्या धक्क्यापर्यंत. तुम्ही सांगायचात तशी. मला वाटत होतं तुम्ही बनवून सांगता, कारण तेव्हा तिथे उभं राहायला छप्परच नव्हतं.

तुम्ही आला नाहीत तर टोरगाऊहून एक वयस्क मुकादम येईल. चांगला माणूस आहे, श्लोक त्याला पाठ आहेत. मला तो नको आहे.

येणार असाल तर तसं, नसाल तर तसं, एका ओळीत लिहा. उत्तर मला गुरुवार, १० ऑक्टोबरपर्यंत मिळावं.

तुमची,
हाइके