तुझ्या रक्तात खोट नाही

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तिकडची खुशाली कळव, असंही लिहायचं असतं, पण तू काही कळवशील अशी आशा नाही. फोन वाजतो, वाजतो आणि दमून गप्प बसतो. तुझ्या बायकोला विचारलं तर म्हणते, "ते आंघोळीला गेलेत." महिनाभर? माणूस आहेस की मासा? शेवटी म्हटलं, पत्रच टाकावं. पत्र कोणी उचललं नाही तरी घरात येऊन पडतं, आणि पडलेली वस्तू तुला बघवत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आई ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, त्याहून जास्त ती कुरकुरते. माझ्यासाठी सगळं मऊ, बेचव शिजवते, कारण माझ्या तोंडात फोड आले होते आणि तिखटाचा कण लागला तरी मी घरभर नाचायचे. आता तोंड बरंच बरं आहे. हातांची कातडी ताणून चामड्याच्या पट्ट्यासारखी झाली होती, मूठ वळत नव्हती, तीही सैल पडतेय. बघ, पेन धरता येतंय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, पण ते आधीही तसंच होतं.

हे सगळं बरं होणं म्हणजे दवाखान्यातल्या त्या दिव्याचं काम. तुला मशीनची हौस, म्हणून नीट सांगते. धुण्याच्या मशीनएवढं धूड आहे. ते चालवायला एक सिस्टर असते, तिला सगळे मशीनवाली म्हणतात. ती माझ्या दंडात सुई घालते, रक्त नळीतून आत जातं, तिथे गरगर फिरतं आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या होऊन एका पिशवीत जमतात. तांबडं रक्त लगेच परत मला. पिशवीत पाणचट नारिंगी रंगाचं काहीतरी उरतं. ते म्हणजे तू! दोन वर्षांपूर्वी माझ्या कॅन्सरसाठी तू मला बोनमॅरो दिलास, तेव्हापासून माझ्या अंगात रक्त बनतं ते तुझ्या पेशींचं. मग त्या पिशवीत एक औषध टाकतात, एका दिव्यापुढून ती फिरवतात आणि सगळं परत माझ्या अंगात सोडतात. दंगा करणाऱ्या पोरांना मास्तर वर्गाबाहेर काढतात, चांगला दम देतात आणि परत बाकावर बसवतात ना, तसं. पोरं दंगा करतात एवढंच, फोड आणि ताणलेली कातडी हा त्यांचाच दंगा. लहानपणीही तू माझ्याशी भांडायचासच, आता आतून भांडतोस.

दिव्याहून आलं की दिवसभर काळा चष्मा लावायचा आणि उन्हात जायचं नाही. घरातसुद्धा चष्मा. शेजारीण आईला हळूच विचारत होती, मुलीला कोणी मारलंबिरलं का म्हणून.

अजून एक गंमत. दवाखान्याच्या कार्डावर माझा रक्तगट खोडून तुझा लिहिलाय. रक्तगटही बदलला, बघ. लायसन्सवर अजून जुनाच आहे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईच्या लायसन्सवर चुकीची माहिती, शोभतं का? बदलून घेणार आहे.

क्लास सध्या बंद ठेवलाय. गाडी आवारात उभी आहे, तिलाही विश्रांती हवीच. जिना चढताना मला थोडा दम लागतो, पण आपला जिनाच मेला उभा आहे. एका नळीत फुंकायची तपासणी असते, तीही झाली. आकडे तुला सांगत बसत नाही.

तुझ्याच पेशी मला त्रास देतात असं दवाखान्यातल्या छोट्या डॉक्टरीणबाईंनी तुला फोनवर सांगितलं, ते मला कळलं. पोरगी हुशार आहे, पण जिभेला गिअर एकच, तोही चौथा. मनावर घेऊ नकोस. दिवा आपलं काम करतोय.

फोन उचल.

तुझी,
ताई

ता. क. आईला तुझ्या पेशींच्या दंग्याबद्दल बोलायचं नाही. तिला आम्ही औषधांचा त्रास म्हणून सांगितलंय.


दि. १४ मार्च

भुंग्या,

आज आशीर्वाद शेवटी. आधी शिव्या.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. ती बिचारी बोलत कमी आणि रडत जास्त होती. तुमच्या तिथे चष्म्याच्या दुकानाच्या वर कोणी एक गृहस्थ रक्तशुद्धीची पाटी लावून बसलाय. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, कोण कुठला देव जाणे. तो म्हणे माणसाच्या हातातून रक्त काढतो, काचेच्या नळीतून जांभळ्या दिव्यापुढे फिरवतो आणि त्याच नळीने परत भरतो. तू तिथे तीनदा जाऊन आलास. आता तुझा हात कोपरापासून खांद्यापर्यंत सुजलाय, अंगात ताप आहे, आणि दवाखान्यात चल म्हटलं की तू तिच्या अंगावर ओरडतोस. तिला म्हणालास, "ताईला माझं घाण रक्त गेलं. आधी ते साफ करतो, मग पुढच्या महिन्यात जाऊन तिला नवीन देतो."

अरे गाढवा! अक्कल काय गहाण टाकलीस? पंप आहेस का तू, उघडला, गाळणी धुतली, परत बसवला? तुझ्या पंपांच्या कारखान्यात एखाद्याने असल्या दुकानातून पंप साफ करून आणला असता तर तू त्याला दारात उभा केला नसतास. आणि स्वतःचा हात मात्र तिथे नेऊन दिलास.

हे पत्र वाचून व्हायची वाट बघू नकोस. आधी बायकोला हाक मार आणि खऱ्या दवाखान्यात जा. हात दाखव, दिव्याचं सगळं खरं सांग, लाजू नकोस. उरलेलं तिथे रांगेत बसून वाच.

गेलास? बरं.

काल फोन ठेवला आणि तुझ्यावर चरफडत बसले होते. मग लक्षात आलं, हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी? मीच. दिव्याचं कौतुक मीच केलं ना? गमतीगमतीत लिहीत गेले आणि जे लिहायला हवं होतं ते गिळलं. तू हुशार आहेस, गिळलेलं तुला दिसलं. दिव्याने रक्त सुधारतं, ताई तरी बरी होत नाही, म्हणजे मूळ रक्तच वाईट असणार, असा हिशेब तू केलास. फोनवर सांगता आलं असतं, पण दोन वाक्यं बोलले की मला थांबावं लागतं आणि तुला ते ऐकू आलं असतं. म्हणून मीही हल्ली तुला फोन करत नव्हते. लिहिताना थांबलेलं कोणाला ऐकू येत नाही. हे पत्र मी काल दुपारपासून लिहितेय.

आता नीट ऐक. तुझ्या रक्तात खोट नाही. खोट असती तर मला एवढा त्रास झालाच नसता. तुझ्या पेशी निरोगी आहेत, जाग्या आहेत, आणि जाग्या पेशींचं कामच परका दिसला की त्याला हाकलायचं. वॉचमन असतो ना, ओळख पटल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही, तशा. फक्त हे घर माझं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पण त्याच वॉचमननी माझा कॅन्सर हाकलला, भुंग्या. दोन वर्षांत त्याची एक पेशी सापडली नाही. छोट्या डॉक्टरीणबाई तुला हे सांगणार होत्या, पण त्यांचं अर्धंच ऐकून तू फोन ठेवलास. त्याच मला म्हणाल्या. आमच्या दिव्याने तुझ्या पेशी शुद्धबिद्ध होत नव्हत्या, थोड्या शांत होत होत्या, बस. घाण नव्हतीच, तर साफ काय करायचं?

आता दुसरी गोष्ट. इतके दिवस मी गाडी गल्लीबोळांतून फिरवली, आता थेट मुक्कामाला आणते. कातडीने दिव्याचं ऐकलं, तोंडाने ऐकलं. फुप्फुसांनी नाही ऐकलं. आतल्या बारीक नळ्या कडक झाल्यात आणि त्या परत मऊ होत नाहीत. तो जिना काही उभा नाही रे. मी तो दीड महिन्यात स्वतःच्या पायांनी उतरलेलेच नाही, दिव्याला जायचं तर खुर्चीतून उचलून न्यायचे. नाकाला नळी आहे, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतं. मागच्या आठवड्यात मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की काय समजायचं ते मला कळतं. दिवा थांबवला. पुढच्या महिन्यात तू येणार म्हणतोस, तोवर मी असेन असं त्यांना वाटत नाही.

लिहून टाकलं एकदाचं.

एक उपाय त्यांनी विचारला होता. इतकं कडक औषध द्यायचं की तुझ्या पेशी जवळपास संपतील. त्याने फुप्फुसं परत येणार नव्हतीच, वर जुना आजार दारात येऊन उभा राहिला असता. मी नको म्हणाले. कोणी म्हणेल केवढी धीराची बाई. धीरबीर काही नाही, त्यातून काही मिळतच नव्हतं. आणि खरं सांगू? तुला काढून टाकायचं म्हटल्यावर मला कसंतरीच झालं.

मला भीती वाटते, भुंग्या. खूप वाटते. सकाळी जाग आली की पहिला विचार श्वासाचाच येतो. रडून मोकळं व्हावं म्हटलं तर डोळे कोरडे ठणठणीत, पाणी बनायचंच बंद झालंय. बाटलीतले थेंब घालून रडते. परवा आईने बघितलं तर म्हणाली, "थेंब जास्त झालेत गं." मी हो म्हटलं.

आई. तिचंच लिहायचं राहिलं. दारात येईल त्याला ती सांगते, माझ्या मुलाने बहिणीचा जीव वाचवला. दूधवाल्याने हे किती वेळा ऐकलंय त्याला ठाऊक. तिचं ते वाक्य तसंच राहू दे. मी गेल्यावर तुला अपराधी वाटून तू तिच्यापुढे काही कबूल करायला बसशील, तुझा नेम नाही. खबरदार! ती म्हणते ते खरं आहे. दोन वर्षं मिळाली मला. त्यातला एक उन्हाळा तर मी दिवसभर क्लास घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भित्र्या विधवा बाईला मी घाटात गाडी चालवायला शिकवलं, ठाऊक आहे? तिला वाटतं ते मी केलं. निम्मं तू केलंस.

आता तुझं काम. ताप उतरू दे, डॉक्टरांनी जा म्हटलं की ये. उशीर झाला तर झाला, तुझा हात आधी. काही देऊ नकोस, काही आणू नकोस. माझ्याशेजारी बस आणि जेवताना गुणगुण. तान्हा असल्यापासून तू जेवताना गुणगुणतोस, म्हणून तर भुंगा. फोन बंद झाले तेव्हापासून तो आवाज ऐकला नाही.

आणि गाडी घेऊन जा. ती तुझीच. आईला तुझ्याकडे न्यायचंय, तिच्या गुडघ्यांना बस झेपत नाही. अठराव्या वर्षी तू एकदाच माझ्या गाडीत बसलास आणि कुंपणावर गेलास, तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाहीस. त्या दिवशी सुरू करायच्या आधी तू विचारलं होतंस, "ताई, चुकलं तर?" मी म्हटलं होतं, "शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक माझ्या पायाखाली आहे. तू चालव."

गाडी तीच आहे, भुंग्या. शीक. शेजारी आई बसेल. तिला सांग, खालच्या त्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. आणि तूही तिकडे बघू नकोस. समोर बघ.

आशीर्वाद शेवटी देईन म्हटलं होतं. हे घे, सगळे. मागे काही ठेवलेलं नाही.

लायसन्सवर बदलून घ्यायचं राहिलं, तेव्हा इथेच लिहून ठेवते.

तुझी ताई
रक्तगट: तुझाच