उडालेल्या परातीचा संदर्भ

३ मे २००८, शनिवार. पिंपळगाव रेणुकाई

लिहितो लिहितो म्हणून ही वही दिवाळीत आणली. पहिल्या पानावर 'वसंता' असं तीन तऱ्हांनी लिहून पाह्यलं, एकही तऱ्हा आवडली न्हाई, मंग वही पेटीत गेली ती गेलीच. आज काढली, कारण आज भर पारावर खोटं बोललो आणि पोटात राहून नाही राह्यलं. वहीला सांगतो. वही कुठं चुगली करती!

झालं असं. गावच्या भंडाऱ्याची भांडी माझ्या कडूबामामाच्या ताब्यात असतात. तीस वर्षं झाली. देवळामागं पत्र्याची खोली, समोर कडुलिंबाचं झाड. त्यात पातेली, कढया, बादल्या आणि सगळ्यांत मोठी पितळेची परात. लहानपणी मी तिच्यात मांडी घालून बसायचो, एवढी. काठावर नाव कोरलेलं: 'कै. अप्पाराव यांच्या स्मरणार्थ, तुळजाबाई. पिंपळगाव रेणुकाई.' कुणाकडं लग्न-बारसं असलं की मामा भांडी मोजून देतो, मोजून घेतो, भिंतीवर खडूच्या रेघा मारतो. त्याला वाचता येत न्हाई. भांडी तो पोच्यांवरून ओळखतो.

२४ एप्रिलला अख्खा गाव राजूरला लग्नाला गेल्ता. मामा एकटा मागं. संध्याकाळी लोक आले तर खोलीवरचे दोन पत्रे गायब आणि मामा ओट्यावर बसलेला. म्हणाला, "वावटळ आल्ती. हत्तीच्या सोंडेवानी. पत्रे गेले, परात गेली."

पत्रे शेजारच्या रानात सापडले. परात न्हाई.

"पत्रा उडतो हे आपण ऐकलंय," बद्रीनाथ म्हणाला. हा अप्पारावचा पोरगा, म्हणजे परात त्याच्या बापाच्या नावाची. "पितळेची परात उडालेली कुणी पाह्यली का?"

"भंगारवाल्याच्या गाडीतून उडाली असंल!" मागून कोणतरी. लोक हसले. मंग हसायचे थांबले. ते जास्त वाईट.

ठरलं असं की ६ जूनच्या भंडाऱ्यापर्यंत परातीचा छडा लागला न्हाई तर खोलीची किल्ली बद्रीनाथकडं.

तर आज पुन्हा तोच विषय निघाला आणि मी ताडकन उठून म्हणालो, "मी पाह्यली! मी लिंबाखालीच होतो. परात गरागरा फिरत वर गेली!"

मी लिंबाखाली नव्हतो. मी जुन्या जालन्यात रामकिसनच्या इंटरनेट कॅफेत होतो.

आणि खरं लिहू? परात मामानं विकली असंच मला वाटतं. का विकली ते विचारणार न्हाई. आई गेल्यावर त्यानं मला वाढवलं. माणसाला एक परात माफ पाहिजे.

४ मे. जालना

कॅफेत मी काय करतो ते लिहून ठेवतो, न्हाईतर पुढं मलाच पटणार न्हाई.

जानेवारीत रेल्वे भरतीचा फॉर्म भरायला गेल्तो. फॉर्मवरून रेल्वेच्या माहितीवर गेलो, तिथून वादळात उलटलेल्या रेल्वेवर, तिथून अमेरिकेच्या टोर्नाडोंवर. फॉर्मची तारीख निघून गेली. मी टोर्नाडोतच राह्यलो. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. मास्तर न्हाई, फी न्हाई! त्याच्या मराठीत यंदाच्या टोर्नाडोंचं पानच नव्हतं. मी काढलं. बारावीला इंग्रजीत दोनदा उडालेला माणूस टेनेसी, आर्कान्सास मराठीत आणून राह्यला. शब्दकोश मांडीवर. रामकिसन दुपारी झोपतो, दुकान मी सांभाळतो, म्हणून कॉम्प्युटर फुकट.

२४ एप्रिलला दुपारी मामाच्या डोक्यावरचे पत्रे उडत होते तेव्हा (उडाले असतील तर) मी फेब्रुवारीतलं आर्कान्सास लिहीत होतो.

५ मे

दुपारी २.१० ला पानात घातलं: 'एप्रिल २४. पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. तीव्रता: ईएफ-१. हानी: दोन पत्रे, एक परात.' वर अमेरिका, खाली अमेरिका, मधी आमचं गाव. काय शोभत होतं! जल्दी प्रिंट काढली.

२.२१ ला उडवलं.

तिथं 'काटेकोर' नावाचा एक प्राणी आहे. बाप्या की बाई, म्हातारा की पोरगा, माहीत न्हाई. मी काही लिहिलं की मागून येऊन झाडू मारतो. निरोप ठेवला: 'कृपया विश्वसनीय संदर्भ द्यावा. स्वतः पाहिले, हा संदर्भ होत नाही.'

मी लिहिलं, 'मंग देवानं डोळे कशाला दिलेत?'

उत्तर: 'संदर्भ वाचण्यासाठी.'

हरामखोर. पण हसलो.

६ मे. पिंपळगाव

पारावर प्रिंट फिरवली. शेजारच्या गिरिजाबाईनं कागद उलटा धरला तरी तिला पटला. "आगं बया, अमेरिकेच्या मधी आपलं गाव!" दोघातिघांनी तर आपापली वावटळ सांगायला सुरुवात केली. लग्नातून येताना धूळ दिसली होती म्हणे!

बद्रीनाथनं कागद नाकाजवळ नेऊन वास घेतला. "असले कागद कुणीबी काढतं. पेपरात येऊ दे. पेपरात आलं तर मानीन."

म्हणजे काटेकोरला पेपर पाहिजे, गावालाही पेपर पाहिजे. बिलकुल एकाच आईची लेकरं.

मामानं हातातली कढई खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कढई घासायला लागला.

९ मे

पेपरवाल्या अण्णासाहेबांकडं जायला निघालो. वाटेत एकाच्या रानात बोअर मारणं चालू होतं. चारशे फुटांपर्यंत बघितलं. पाणी लागलं न्हाई, दिवस गेला.

१२ मे

आज गाठलं. अण्णासाहेब आमच्या भागाचे वार्ताहर. स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या खुर्चीतून ते उठल्याचं कुणी पाह्यलं न्हाई. बातमी चालत त्यांच्याकडं येते.

"पुरावा काय?"

प्रिंट दिली. दोनदा वाचली. "इंटरनेटवर आहे म्हणजे प्रश्नच मिटला. मला आधी का नाही सांगितलं? साक्षीदार कोण?"

"मीच."

"बराबर. नाव?"

सांगितलं. चहा त्यांनीच पाजला!

१५ मे

आली! तीन बोटं बातमी, भेंडीच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली: 'अमेरिकेसारख्या वावटळीने परात उडवली. प्रत्यक्षदर्शी तरुण वसंता यांची माहिती.' गावात एकच अंक आला, तोही हातोहात फाटला. बद्रीनाथ म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे निम्मं हो!

मामाला वाचून दाखवली. त्यानं एकच विचारलं, "तुझं नाव कशाला घातलं त्यात?"

१६ मे. जालना

बातमीचा संदर्भ जोडून गाव परत पानात घातलं. तासाभरानं काटेकोर: 'आभार. आता नोंद ठीक आहे. आपल्या चिकाटीबद्दल हे निशाण.' आणि माझ्या नावापुढं एक पिवळी चांदणी लावली!

शाळेत मला कुणी कधी चांदणी दिली न्हाई.

म्हणजे बघा — माझं खोटं पानात गेलं, पानातून पेपरात, पेपरातून परत पानात आलं, आणि येताना खरं होऊन आलं. वावटळीसारखंच. गोल.

२० मे

लाईट गेली, अख्खं कॅन्सस गेलं. साठवायचं राह्यलं होतं.

२६ मे

काल अमेरिकेत आयोवा नावाच्या राज्यात मोठा टोर्नाडो झाला. आज फोटो बघितले. घराच्या जागी नुसता चौथरा. एक बाई त्यावर उभी, हातात काहीतरी भांडं. तिला कुणी विचारलं नसेल की बाई, तुझं घर उडालं याचा संदर्भ काय.

तीनदा बघितला फोटो. मामा ओट्यावर बसला होता तो तसाच. आज पुढं लिहावं वाटलं न्हाई.

२८ मे

मेलो.

काटेकोरनं बातमी नीट वाचली! 'बातमीतील साक्षीदार वसंता आणि आपण, सदस्य वसंता, एकच आहात काय? आपल्या संपादनांची यादी पाहिली. २४ एप्रिल, दुपारी ३.१२ ते ५.४० आपण आर्कान्सासवर लिहीत होतात. मग पिंपळगावच्या लिंबाखाली कोण होते?'

तिथं केलेल्या प्रत्येक बदलाची वेळ कायम राहते. मला माहीत होतं! रोज दुसऱ्यांच्या वेळा बघत होतो. माझीही राहते हे डोक्यात आलं न्हाई. टोपणनाव सुद्धा घेतलं नव्हतं. नाव पुसलं जाऊ नये म्हणून खऱ्या नावानं लिहीत होतो ना, राजा!

गाव पानातून गेलं. चांदणीही गेली.

१ जून. पिंपळगाव

अण्णासाहेब म्हणे खुर्चीतून उठले! दुसरी बातमी करायची म्हणून स्वतः रामकिसनच्या कॅफेत गेले, 'त्या परातीचं जेवढं आहे तेवढं द्या' म्हणाले. रामकिसननं काटेकोरच्या निरोपासकट सगळं काढून दिलं. आज ते आमच्या पारावर येऊन मोठ्यानं वाचलं.

गाव असं हसलं की लिंबावरचे कावळे उठले. गिरिजाबाईला आर्कान्सास म्हणजे कुठलं गाव ते कळेना. "जालन्याच्या पुढं का मागं?"

बद्रीनाथ हसला न्हाई. "मामा चोर आणि भाचा लबाड. शुक्रवारी किल्ली."

पहिलं मामा नुसता संशयात होता. आता मी त्याला पक्कं करून ठेवलं.

३ जून

मामा भंडाऱ्यासाठी चिंचेनं भांडी घासत होता. शेवटची वेळ म्हणून जास्तच लख्ख. मी शेजारी बसलो.

"मामा, तुझ्यासाठी बोललो रे."

"माझ्यासाठी न्हाई." पातेलं उलटं केलं. "तू लिंबाखाली नव्हतास हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक. लिंबाखाली मी होतो."

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुला माझं खरं वाटलं असतं वसंता, तर खोटं कशाला बोलला असतास? नुसतं म्हणला असतास — मामा म्हणतो ना, मंग उडाली."

मी चिंचेचा चोथा उचलून एक कढई ओढली. घासता घासता विचारलं, "कशी उडाली?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं! तीव्रता ठरवली, हानी लिहिली, मामाला विचारलंच न्हाई.

"आधी वाजली. जेवायला बोलवावं तशी, ठण्ण करून. मंग वर गेली न् तिला ऊन लागलं. दोन सूर्य दिसले बघ, एक आपला न् एक परातीचा. मंग एक बुडाला, नदीकडं."

असं मला रचता आलं नसतं. मामाला तर साधी थापही जमत न्हाई.

५ जून

पारावर उभा राह्यलो. "मी तिथं नव्हतो. खोटं बोललो. परात उडाली, कारण मामा म्हणतो." बस, एवढंच.

"संदर्भ?" बद्रीनाथनं विचारलं. हा शब्द आता गावात सगळ्यांना येतो.

"मामा."

पुन्हा हसले. चालतंय. उद्या किल्ली.

६ जून, शुक्रवार

घाईत लिहितोय, पंगत बसून राह्यली. मामानं कंबरेची किल्ली सोडून बद्रीनाथपुढं धरली, तेवढ्यात देवळाच्या दारात एक धनगरीण! सोनूबाई नाव. डोक्यावर परात — आमची परात! — आणि हातात दोरी, दोरीला लंगडी मेंढी. म्हणाली, "दीड महिन्यामागं नदीपल्याड मेंढरं चारीत होते, ही बया आभाळातनं माझ्या मेंढीच्या पायावर आली. म्या म्हणलं देवानं टाकली, घिऊन फुडं गेले. परवा राजूरला भज्याच्या कागदावर तुमच्या परातीची बातमी. दुकानदारानं वाचली, परातीवरचं नावबी वाचलं. आता सांगा, अप्पारावचं घर कोणतं? ज्याची परात, त्यानं माझ्या मेंढीचं भरून द्यावं!"

सगळ्या गावानं बद्रीनाथकडं बोट केलं.

मामा कुणाकडंच बघत न्हाई. परात मांडीवर घेऊन नवा पोचा चाचपतोय. किल्ली परत कंबरेला.

काटेकोर, संदर्भ आलाय रे! लंगडत आलाय.